पिकअपमध्ये डॅशकॅमचं वायरिंग: आधी लाईन, मग वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. महिंद्राची बोलेरो पिकअप, सिंगल केबिन. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट वाशी मार्केटला जातात, कधी माळशेजमार्गे कल्याणला. डॅशकॅम लायटरच्या सॉकेटवर आहे. त्याची वायर डॅशबोर्डवरून लोंबते आणि गिअरच्या दांड्यात अडकते. ड्रायव्हर मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी कॅमेऱ्याची पिन काढतो आणि ती परत लावायची राहून जाते. मार्केटमध्ये गाडी रात्री उभी असताना रेकॉर्डिंग हवं म्हणून एका वायरमनने बॅटरीवरून डायरेक्ट लाईन दिली, तर दोन दिवस गाडी जागेवर राहिल्यावर सेल्फच लागेना. आता सगळं काढून नीट करायचं आहे आणि हौद्याकडे बघणारा दुसरा कॅमेराही बसवायचा आहे.

मालवाहू गाड्यांचं वायरिंग हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बहुतेक जण कॅमेरा काचेला चिकटवून सुरुवात करतात, मग वायर कुठेतरी खोचतात आणि शेवटी करंट कुठून मिळतो ते शोधतात. मी हे काम उलट्या क्रमाने करतो. आधी फ्यूजबॉक्स उघडायचा, लाईन ठरवायची, मग वायरची वाट ठरवायची आणि काचेला हात सगळ्यात शेवटी लावायचा. लाईन चुकली तर वायर कितीही सुबक लपवलेली असो, एक दिवस ती सगळी उपसावी लागते.

तुमची बॅटरी का उतरली असेल ते आधी बघू. कॅमेऱ्यासोबत जी हार्डवायर किट (सॉकेटऐवजी थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचा संच) मिळते तिला बहुधा तीन वायर असतात. पिवळी डायरेक्ट लाईनसाठी (चावी बंद असतानाही चालू राहणारी), लाल चावीच्या लाईनसाठी आणि काळी बॉडी अर्थसाठी. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे किटसोबतचा कागद वाचल्याशिवाय जोडू नका. यात समजून घ्यायची गोष्ट ही की कॅमेरा करंट ओढतो तो पिवळीतून. लाल वायर फक्त खबर देते: चावी चालू आहे की बंद. घाईत काम करणारा माणूस लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीवर जोडून मोकळा होतो. कॅमेरा चालू होतो, मालक खूश होतो. पण त्या कॅमेऱ्याला गाडी उभी आहे हे कळायला मार्गच उरत नाही. तो पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी उभी असतानाच्या कमी रेकॉर्डिंगमध्ये, जात नाही आणि रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करत बसतो. त्यातून किटऐवजी साधा मोबाइल चार्जरचा ॲडॅप्टर लावला असेल तर बॅटरी उतरताना लाईन तोडणारं काहीच नसतं. तुमच्याकडे या दोनपैकी एक झालं असणार.

हिशोब साधा आहे. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे पूर्ण रेकॉर्डिंग करत असतील तर साधारण ५ ते ६ वॅट खातात, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास अर्धा ॲम्पियर. रात्रीच्या १० तासांत ५ एएच (ॲम्पियर-तास) गेले. चांगल्या बॅटरीला ते जाणवत नाही. पण गाडी ४८ तास उभी राहिली की २४ एएच जातात. समजा बॅटरी ६५ एएचची आहे आणि दोन-तीन वर्षं जुनी आहे, म्हणजे तिच्यात प्रत्यक्षात तेवढा साठा उरलेलाच नाही. शिवाय डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे सेल्फला करंटही जास्त लागतो. अशा बॅटरीने मान टाकली तर नवल नाही.

म्हणून किट घेताना लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजपर्यंत उतरली की लाईन तोडणारी सोय, आहे का ते बघा, आणि तो बदलता येतो का तेही बघा. किटवर बारीक स्विच असतात किंवा कॅमेऱ्याच्या मेनूत ती सोय असते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असेल तेव्हा साधारण १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे तळ. पुष्कळ किट ११.८ वर लावूनच येतात. छोट्या पेट्रोल गाडीत ते एखाद वेळी निभावतं, डिझेल पिकअपमध्ये मला ते मान्य नाही. १२.२ वर लावा. बॅटरी जुनी असेल आणि १२.४ची सोय असेल तर १२.४ वर. रेकॉर्डिंग काही तास कमी मिळेल, पण पहाटे ३ वाजता मार्केटमधून निघताना ढकलस्टार्ट करायची वेळ येणार नाही. किटवर १२/२४ असं लिहिलेलं असेल तर ती दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या गाडीलाही चालते. मात्र तिथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा शॉर्टकट घेऊ नका, ती बॅटरी कायम कमी भरलेली राहते आणि आधी मरते.

आता फ्यूजबॉक्स. तो नेमका कुठे आहे ते मॉडेल आणि वर्षाप्रमाणे बदलतं. मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूलाही नकाशा असतो. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब चासीच्या मोकळ्या बोल्टला लावा आणि लाल प्रोबने फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना स्पर्श करा. चावी बंद असताना १२ दाखवतो तो फ्यूज डायरेक्ट लाईनचा. चावी बंद असताना शून्य आणि फिरवल्यावर १२, तो चावीच्या लाईनचा. लायटर, वायपर, रेडिओ यांचे फ्यूज यासाठी चांगले. इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग आणि हेडलाईट यांना हात लावू नका. तिथे साधा बल्बचा टेस्ट लॅम्पसुद्धा लावू नका, मल्टीमीटरच वापरा. बऱ्याच गाड्यांत जीपीएस आधीच बसवलेला असतो आणि त्याची लाईन कुठेतरी वायर सोलून घेतलेली असते. ती हाताशी आली म्हणून त्याच जोडावर कॅमेरा टाकू नका. त्या जोडात बिघाड झाला तर जीपीएस आणि कॅमेरा दोन्ही एकदम बंद पडतील, आणि दोष कुणाचा यावर भांडण होईल.

लाईन घ्यायची फ्यूज टॅपने, म्हणजे फ्यूजच्या घरात बसून जादा लाईन काढून देणाऱ्या तुकड्याने. फॅक्टरीची एकही वायर कापायची किंवा सोलायची नाही. ते दाबून बसवायचे निळे-लाल क्लिप जोडही नकोत. त्यांचं पातं वायरच्या काही तारा तोडतं आणि पिकअपच्या थरथराटाने उरलेल्या तारा सैल होतात. टॅपमध्ये दोन घरं असतात. पायांच्या जवळच्या घरात मूळ फ्यूज परत बसवायचा, दुसऱ्या घरात कॅमेऱ्याचा नवा. कॅमेऱ्याला २ किंवा ३ ॲम्पियर भरपूर झाले. २चा फ्यूज राखाडी, ३चा जांभळा असतो. टॅपसोबत बऱ्याचदा १०चा लाल फ्यूज येतो, तो काढून टाका. किटची वायर बारीक असते. १० ॲम्पियरचा फ्यूज उडायच्या आधी तिचं इन्सुलेशन वितळेल. टॅप विकत घ्यायच्या आधी गाडीतला एक फ्यूज काढून सोबत न्या. मिनी, लो प्रोफाइल मिनी आणि जुना मोठा, हे तिन्ही लांबून सारखे वाटतात आणि चुकीचा टॅप दाबून बसवला तर आतलं पितळी चिमटं कायमचं फाकतं. मग पुढे त्या घरात मूळ फ्यूजसुद्धा पकड घेत नाही.

टॅप कोणत्या तोंडाने बसवायचा, यात जाणकारही चुकतात. मूळ फ्यूज काढा, चावी चालू करा आणि रिकाम्या घराच्या दोन चिमट्यांपैकी कोणत्यात १२ येतात ते बघा. ती येणारी बाजू. टॅपच्या ज्या पायापाशी दोन्ही फ्यूज एकत्र येतात, म्हणजे बहुधा वायर निघते त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय, तो या येणाऱ्या बाजूला गेला पाहिजे. तसा बसला तर दोन्ही फ्यूज आपापलं सर्किट सांभाळतात. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधून जातो. एक दिवस वायपरचा फ्यूज उडाला की वायपरसोबत कॅमेराही बंद. माळशेजच्या पावसात दोन्ही एकदम गेलेले परवडणार नाहीत.

काळ्या वायरकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि कॅमेरा मधूनमधून बंद पडण्याचं कारण बहुधा तिथेच असतं. प्लास्टिक धरून ठेवणारा स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. डॅशबोर्डखाली बॉडीच्या पत्र्यात थेट घुसणारा बोल्ट शोधा, शक्यतो फॅक्टरीची अर्थ वायर जिथे आहे तो. बोल्टखालचा रंग थिंबलच्या (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या कडीच्या) गोलाईएवढा खरवडा, पत्रा चमकला पाहिजे. वायरला गोल थिंबल नीट क्रिम्प करा (दाबून पक्कं बसवा), घट्ट आवळा आणि उघड्या पत्र्यावर थोडं ग्रीस फिरवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. मग कॅमेरा चालू ठेवून मल्टीमीटरची एक प्रोब थिंबलवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरा. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. जास्त आलं तर जागा बदला. एअरबॅग किंवा स्टिअरिंगच्या दांड्याशी संबंधित बोल्ट यासाठी सोडवू नका.

हे सगळं करताना बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. मल्टीमीटरने मोजण्यापुरतं लावा, हातकाम करताना काढलेलंच बरं.

आता वाट. कॅमेऱ्याची जागा काचेवर आरशाच्या डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेआड आणि क्लीनरच्या बाजूला. पण ठरवण्याआधी काचेवर पाणी टाकून एकदा वायपर फिरवा. पातं जिथवर पुसतं त्याच्या आतच लेन्स आली पाहिजे. पिकअपचे वायपर काचेच्या वरच्या कोपऱ्यांत पोचत नाहीत. कोरड्या दिवशी हे लक्षात येत नाही आणि जुलैत घाटात नेमकं रेकॉर्डिंगमध्ये फक्त ओघळ दिसतात. चिकटवण्याआधी काच स्पिरिटने पुसा, टेप दाबून धरा आणि शक्य असेल तर कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा.

तिथून वायर वर छताच्या लायनिंगच्या कडेत बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सारत न्यायची. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, लायनिंगला व्रण पडतो तो जात नाही. लायनिंगच्या टोकाशी आल्यावर काचेच्या कडेचा खांब लागतो. दरवाजाचं रबर बीडिंग हाताने ओढलं की पत्र्याच्या कडेवरून सुटतं. वायर त्या कडेच्या आतल्या बाजूला, केबिनकडे बसवायची आणि बीडिंग परत थापून लावायचं. वायर कडेच्या बाहेर गेली तर रबर तिथे नीट बसत नाही आणि पाणी केबिनमध्ये झिरपतं, शिवाय दरवाजा आपटताना वायर रोज चेचली जाते. दरवाजा लावून एक कागद त्या जागी अडकवून ओढून बघा. आधीइतकाच अडकला पाहिजे. टोयोटा हायलक्ससारख्या मोठ्या डबल केबिन पिकअपमध्ये खांबावर एअरबॅगची खूण दिसते. तिथे खांबाचं आवरण काढून वायर एअरबॅगच्या मागून, फॅक्टरीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधून न्यावी लागते. एअरबॅगच्या पुढून आडवी गेलेली वायर अपघातात एअरबॅग उघडताना अडवते किंवा गोळीसारखी सुटते. खात्री नसेल तर ते काम सोडून द्या आणि माहीतगाराकडून करून घ्या.

दोन खांबांपैकी कोणता? रेडिओची एरियल ज्या खांबावर आहे तो टाळा. किटमधला १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा डबा रेडिओच्या लहरींत घरघर सोडतो आणि एरियलच्या वायरीशेजारून गेलेली कॅमेऱ्याची वायर ती घरघर थेट एफएममध्ये पोचवते. रात्रीच्या प्रवासात ड्रायव्हरला जागं ठेवायला तोच रेडिओ असतो. त्याचा आवाज बिघडला की तो कॅमेऱ्याची लाईन काढणार, आणि त्याचं काही चुकणार नाही.

खाली आल्यावर सगळ्यात जपायची जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायांच्या वर. स्टिअरिंगचा दांडा फिरतो, क्लच-ब्रेकचे पेडल हलतात. इथे वायर लोंबता कामा नये. वरच्या फॅक्टरी हार्नेसला वीतभर अंतरावर टाय मारत न्या आणि झाल्यावर खाली आडवं पडून तिन्ही पेडल पूर्ण दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. टायची कापलेली टोकं धारदार राहतात, ती वर वळवा; पुढच्या वेळी जो हात आत घालेल त्याचा हात फाटू नये. उरलेली वायर चार बोटं रुंद घड्या घालून बांधायची, घट्ट गुंडाळी नको. ती गुंडाळी आणि किटचा डबा दोन्ही हार्नेसच्या कापडी टेपमध्ये गुंडाळा. काळी इन्सुलेशन टेप केबिनच्या उन्हात पाघळते, वर्षभरात चिकट काला होतो आणि डबा सुटून खडखडायला लागतो. डबा हीटरच्या नळीपासून लांब आणि पुन्हा हाताला लागेल असा असावा.

मागच्या कॅमेऱ्याचं काम जास्त विचाराचं आहे. केबिनच्या मागच्या काचेवर आतून लावला तर वायरिंग सोपं, पाण्याची भीती नाही. पण तुमचे क्रेट केबिनच्या उंचीपर्यंत चढले की त्याला फक्त क्रेटची जाळी दिसणार. रिकाम्या गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरची सुरक्षा किंवा मालाची चढउतार एवढंच बघायचं असेल तर तो पुरे. रिव्हर्सला आणि मागून धडकणाऱ्या गाडीसाठी हवा असेल तर तो मागे खालीच लागेल. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेवर, मात्र नको. फाळका दिवसातून कित्येकदा आपटतो आणि वायर बिजागरीशी तुटते. चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, नंबर प्लेटच्या वर, ब्रॅकेटवर बसवा.

इथली एक गोष्ट कारवाल्या वायरमनला सहसा सुचत नाही: पिकअपची केबिन आणि हौदा हे चासीवर वेगवेगळे बसलेले असतात. खड्ड्यात चासी पिळली जाते तेव्हा दोघांमधली फट उघडझाप करते. या फटीत वायर ताणून बांधली तर काही महिन्यांत आतली तांब्याची तार तुटते आणि बाहेरचं आवरण शाबूत दिसत राहतं. म्हणून तिथे हातभर सैल वळण सोडा आणि ते वळण खाली लोंबतं ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळणाच्या तळाशी ठिबकून जाईल, केबिनच्या भोकात शिरणार नाही. भोक शक्यतो फॅक्टरीच्या ग्रोमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसवलेल्या रबरी बुचातूनच) काढा. नवं पाडावंच लागलं तर कडेला प्रायमर लावा आणि रबरी ग्रोमेट बसवा. नुसत्या पत्र्याच्या कडेने वायर सुरीवर ठेवल्यासारखी कापते. पुढे चासीवर फॅक्टरीचं हार्नेस गेलं आहे त्याच वाटेने, नालीदार पाइपात घालून न्या. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, पाट्याच्या स्प्रिंगा आणि स्टेपनी उतरवायची जागा, या चारही गोष्टींपासून दूर. स्प्रिंगांचा विचार माल भरलेल्या गाडीवर करा, रिकामी असताना अंतर फसवं दिसतं. जोड सगळे केबिनच्या आत आले पाहिजेत. ते शक्य नसेल तर पाणी न शिरणारा कनेक्टर आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी).

मागच्या कॅमेऱ्याला एक सुटी वायर असते, बहुधा लाल. ती रिव्हर्स लाईटच्या प्लसला द्यायची, म्हणजे रिव्हर्स टाकताच पडद्यावर मागचं चित्र येतं. तिच्यावरही १ किंवा २ ॲम्पियरचा फ्यूज टाका. मागचे दिवे चिखलात असतात, तिथला शॉर्ट सगळ्यात आधी होतो.

मग तपासणी. चावी बंद करून कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातो का ते पडद्यावर बघा. सेल्फ मारताना कॅमेरा बंद होऊन परत चालू झाला तर घाबरू नका, सेल्फच्या वेळी व्होल्टेज १० च्या आसपास उतरतं. पण प्रत्येक वेळी होत असेल तर पिवळी लाईन खरंच डायरेक्ट आहे का ते पुन्हा मोजा. शेवटी बॅटरीचं मायनस काढून मल्टीमीटर १० ॲम्पियरच्या खाचेत लावून बॅटरीचं मायनस आणि काढलेली वायर यांच्या मध्ये जोडा, दरवाजे बंद ठेवा आणि काही मिनिटं थांबा. कॅमेऱ्याचा फ्यूज काढल्यावर ५० मिलीॲम्पियरच्या आत यायला हवं. जास्त असेल तर बॅटरी खाणारं आणखी काहीतरी गाडीत आहे आणि त्याचा शोध वेगळा घ्यावा लागेल. मीटर मध्ये असताना चुकूनही चावी फिरवून सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत कागदी टेप चिकटवून त्यावर लिहा: कॅमेरा, ३ ॲम्पियर, कोणत्या घरातून लाईन घेतली, तारीख. पुढे कुठल्या तरी ढाब्यावर दुसरा वायरमन हे झाकण उघडेल तेव्हा त्याला वायर ओढून बघावी लागणार नाही.

कॅमेरा घेताना आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग) ते विचारा. उन्हात उभ्या केबिनमध्ये काचेजवळचं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं, त्यात लिथियम फुगते. सुपरकपॅसिटरवालाच घ्या. कार्ड हाय एन्ड्युरन्स (सततचं लिखाण सोसणारं) लिहिलेलं घ्या. मोबाइलचं साधं कार्ड सततच्या लिखाणाने लवकर मरतं आणि मेल्याचं कॅमेरा प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही. तारीख-वेळ बरोबर लावा, जीपीएस असेल तर टाइम झोन ५:३० वर. अपघात झाला तर कार्ड लगेच काढून बाजूला ठेवा, त्यात पुढे काही लिहिलं जाऊ देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा डिजिटल पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, तेव्हा मूळ कार्ड शाबूत असणं फार उपयोगी पडतं.

आणि ड्रायव्हर. सॉकेट आता रिकामं झालं आहे, त्यात चांगला दोन तोंडांचा यूएसबी चार्जर लावून द्या, तो त्याचा. कॅमेऱ्यातला माईक चालू ठेवणार असाल तर त्याला आधी सांगा, नाहीतर बंद करा. केबिनमध्ये तो घरच्यांशी बोलत असतो. रेकॉर्डिंग लॉक करायचं बटण कोणतं ते त्याच्याकडून दोनदा दाबून घ्या. पंधरा दिवसांनी गाडी आली की अर्थचा बोल्ट आणि फटीतलं सैल वळण बघा, थरथराटाने जे सैल व्हायचं ते बहुतेक तोवर झालेलं असतं.